डावी कळ

आमच्या कपाटांत एक जुना कॅमेरा आहे. तो कोणाही पाहुण्याच्या हातीं दिला, कीं पाहुणा प्रथम त्याचें वजन तोलून पाहतो, मग तो डोळ्याशीं नेतो, आणि त्याच्या उजव्या हाताचें बोट कळ शोधूं लागतें. कळ सांपडत नाहीं. बोट एकदां वर चाचपतें, एकदां पुढें चाचपतें, एका गोल खुंटीवर क्षणभर थबकतें. ती खुंटी फिरते, परंतु दबत नाहीं. मग पाहुणा आमच्याकडे अशा मुद्रेनें पाहतो कीं जणूं आम्हींच ती कळ काढून लपवून ठेविली आहे. आम्ही कांहीं बोलत नाहीं. ही गंमत आमच्या घरांत पन्नासाहून अधिक वर्षें चालत आलेली आहे, आणि तिचे पहिले बळी आम्हीच होतों.

कळ डाव्या हातास आहे. भिंगाच्या शेजारीं, पुढल्या अंगास. फिल्म सरकविण्याचा दांडाही डावीकडेच, आणि तो डाव्या हाताच्या आंगठ्यानें अर्ध्या वर्तुळाहून पुष्कळ अधिक ओढावा लागतो. आंत फिल्म धांवते ती उजवीकडून डावीकडे, फारसी लिहिणाऱ्याच्या लेखणीसारखी. उजव्या हाताकडे दुय्यम कामें आहेत: भिंगाचें कडें फिरवून चित्र स्पष्ट करावें, आणि अंधुक उजेडांत बारा सेकंदांपर्यंतचे जे सावकाश वेग लागतात ते त्या गोल खुंटीनें लावावे. जगांतील बहुतेक सर्व यंत्रांनीं उजव्या हातास जो मान दिला आहे, तो या एका यंत्रानें बिनबोभाट काढून घेतला आहे.

याचें नांव एक्झॅक्टा व्हॅरेक्स २ अ. जर्मनींतील ड्रेस्डेन शहरांत इहागी नांवाच्या कारखान्यानें १९५६ पासून १९६३ पर्यंत तो तयार केला. आमच्याकडे जो आहे तो आमच्या थोरल्या बंधूंचा. त्यांनीं तो १९६७ सालीं मुंबईस एका दुकानांतून जुना म्हणून घेतला, आणि त्यासाठीं दोन महिन्यांचा पगार मोजला. त्या काळीं पूर्व जर्मनीचा माल रुपयांच्या व्यवहारानें आपल्या देशांत येत असे. त्यांचे कॅमेरे व त्यांची ओर्वो फिल्म छायाचित्रकारांच्या दुकानांतून सर्रास दिसे. तरीही वडिलांना हा खर्च उधळपट्टीचा वाटला, व तसें त्यांनीं बोलूनही दाखविलें. दादांनीं उत्तर दिलें नाहीं. तें त्यांच्या स्वभावांतच नव्हतें.

इहागी हा शब्द कोणा जर्मन देवतेचें नांव असावें असें आम्हांस पुष्कळ दिवस वाटत असे. वस्तुतः ती नुसती आद्याक्षरें आहेत. "उद्योग व व्यापार मंडळी" अशा अर्थाच्या लांबलचक जर्मन नांवाचीं तीन अक्षरें उच्चारूं लागलें कीं इहागी होतें. योहान स्टीनबर्गेन या डच गृहस्थानें ही मंडळी १९१२ सालीं स्थापिली. तिच्याकडे कार्ल न्यूश्टरलाइन नांवाचा एक कल्पक कारागीर होता. त्यानें १९३३ सालीं पहिला एक्झॅक्टा सिद्ध केला. तो थोड्या रुंद फिल्मचा होता. परंतु त्याचें नांव राहिलें तें १९३६ च्या वसंतांत लाइपझिगच्या व्यापारी जत्रेंत मांडलेल्या किने-एक्झॅक्टामुळें. किने म्हणजे सिनेमा. सिनेमाची पस्तीस मिलिमीटरांची फिल्म घेऊन तिच्यावर चोवीस बाय छत्तीसचें चित्र हा कॅमेरा काढी. एकाच भिंगांतून पाहावें आणि त्याच भिंगांतून टिपावें, ही कल्पना नवी नव्हती. मोठमोठ्या लांकडी पेट्यांच्या कॅमेऱ्यांत ती एकोणिसाव्या शतकापासून होती. ती तळहातावर मावेल अशा धातूच्या पेटींत बसविणें हें न्यूश्टरलाइनचें काम. रशियांत त्याच सुमारास स्पोर्ट नांवाचा तसलाच एक कॅमेरा निघाला, आणि पहिलेपणाचा मान कोणाचा यावर शौकीन मंडळी अजून हमरीतुमरीवर येतात. त्या भांडणांत पडण्याची आमची इच्छा नाहीं. आमच्या घरांत पुरेशीं भांडणें आहेत.

हें यंत्र कसें पाहतें तें सांगणें अवश्य आहे, कारण पुढील सर्व त्यावर अवलंबून आहे. भिंगामागें पंचेचाळीस अंशांत कललेला एक लहान आरसा असतो. भिंगांतून आलेलें चित्र त्यावर पडतें व वर एका दुधी कांचेवर उमटतें. पेटीच्या माथ्यावरचें झांकण उघडलें कीं चार पत्र्यांचा एक लहानसा हौद उभा राहतो. कॅमेरा पोटाशीं धरून, मान खालीं घालून त्या हौदांत पाहावयाचें. चित्र सुलटें दिसतें, परंतु डावें उजवीकडे व उजवें डावीकडे. कळ दाबली कीं आरसा वर उचलला जातो, कापडी पडदा फिल्मवरून धांवतो, आणि हौदांत काळोख होतो. तो काळोख तसाच राहतो. आतांच्या कॅमेऱ्यांत आरसा पापणीसारखा लवतो व लगेच परत येतो. यांत तसें नाहीं. पुन्हां डाव्या आंगठ्यानें दांडा ओढीपर्यंत यंत्रास कांहींच दिसत नाहीं.

दादांनीं पुष्कळ वर्षें हौदांतच पाहिलें. व्हॅरेक्सचा विशेष हा कीं १९५० सालापासून त्याचा हौद काढून तेथें लोलक बसवितां येत असे. लोलकांतून डावें डावीकडे व उजवें उजवीकडे दिसतें, आणि कॅमेरा डोळ्याशीं धरतां येतो. परंतु लोलकाला निराळे पैसे पडत. हौदानें उभें चित्र काढणें ही एक कसरतच आहे: कॅमेरा आडवा केला कीं आंत सारें जग पालथें होतें. म्हणून दादांच्या पहिल्या आठ वर्षांच्या संग्रहांत सर्व चित्रें आडवीं आहेत. त्यांच्या दीपमाळेला शेंडा नसे, आणि आमच्या लग्नाच्या चित्रांत आमची पत्नी व आम्ही दोघेही गुडघ्यांपाशीं संपतों. उलटपक्षीं म्हाताऱ्याकोताऱ्यांचीं चित्रें त्यांच्यासारखीं कोणास साधलीं नाहींत. जो मनुष्य कॅमेरा डोळ्यास लावून रोखून पाहतो त्याच्यापुढें खेड्यांतली म्हातारी ताठ होते. जो मान खालीं घालून उभा राहतो त्याच्यापुढें ती निर्धास्त असते. आमच्या आजीला तर शेवटपर्यंत वाटत होतें कीं नातू नमस्काराच्या तयारींत आहे.

या कॅमेऱ्याच्या पोटांत एक सुरीही आहे. तळाची एक बारीक खुंटी उलगडून खालीं ओढली कीं आंतली फिल्म मध्येंच कापली जाते. अर्धीच फिल्म उठविली असेल व तेवढीच धुवावयाची असेल तर उरलेली वांचते. हिशेबी जर्मन मनुष्याला हें सुचावें यांत नवल नाहीं. १९७२ सालीं एका मुंजींत ही खुंटी कशाची म्हणून आम्हीं ती ओढली. दादांना गोधडींत शिरून, चाचपडत, आंतली फिल्म काढावी लागली, आणि बटूच्या मातृभोजनाचें चित्र त्यांत गेलें. मंडळी आम्हांवर संतापली. दादा तेवढे संतापले नाहींत. संतापण्याजोगें याहून मोठें कारण त्यांस आमच्याकडून फार पूर्वीं मिळालें होतें.

दादा डावखुरे होते. १९५१ सालीं ते नऊ वर्षांचे व आम्ही सहांचे. त्या काळीं डावखुऱ्या मुलास सुधारणें हें शाळेचें एक कर्तव्य समजलें जाई. मास्तर मनानें दुष्ट नव्हते, वडीलही नव्हते. डाव्या हातानें वाढूं नये, प्रसाद घेऊं नये, देवाला फूल वाहूं नये, मग त्याच हातानें सरस्वतीची सेवा कशी चालेल, इतका सरळ त्यांचा तर्क होता. शाळेंत दादांनीं डाव्या हाताची मूठ वळून ती मांडीखालीं दाबून बसावयाचें. घरीं संध्याकाळीं अभ्यासाच्या वेळीं तो हात बाहेर येतो कीं काय हें पाहण्याची कामगिरी वडिलांनीं आमच्यावर सोंपविली, आणि खबर दिली कीं गुळाचा एक खडा मिळत असे. आम्हीं खबर देत गेलों. दुसऱ्या दिवशीं ती शाळेंत पोंचे, व पट्टीची धार दादांच्या बोटांच्या पेरांवर बसे. दादा घरीं येऊन त्याविषयीं चकार शब्द काढीत नसत. आम्हांस तें त्यांच्या वर्गांतील मुलांकडून कळे. कळल्यावरही आम्हीं खबर देण्याचें बंद केलें नाहीं. गूळ चांगला होता, हें आम्हांस आज ऐंशीच्या घरांतही आठवतें.

दादा सुधारले. उजव्या हातानें लिहूं लागले. त्यांचें अक्षर जन्मभर कोंबडीचे पाय राहिलें, आणि कचेरींत त्यांना त्याबद्दल वरिष्ठांचीं बोलणीं खावीं लागलीं. बोलतांना ते कधीं कधीं पहिल्या अक्षरावर अडखळत. या दोहोंचा संबंध लावण्यास आम्ही वैद्य नव्हों; आमच्या मनानें तो लावून ठेविला आहे एवढेंच.

आणि मग १९६७ सालीं हा कॅमेरा घरांत आला. दादांनीं तो पेटींतून काढून प्रथम आमच्या हातीं दिला. आमचें उजवें बोट जें शोधूं लागलें, तें शोधीतच राहिलें. दादा समोर खुर्चीवर बसून पाहत होते.

"शोध, शोध," ते म्हणाले. "मला सात वर्षें शोधावयास लावलें होतेंत."

त्या वाक्यांत ते अडखळले नाहींत. गुळाचा उल्लेख त्यांनीं केला नाहीं, आणि आम्हीं काढला नाहीं.

पुढें आम्हीं या यंत्राविषयीं कांहीं वाचन केलें, आणि विद्येचा जो पहिला उपयोग मनुष्य करतो तो केला: दुसऱ्याच्या आनंदांत खोट काढली. आम्हीं दादांस सांगितलें कीं हा कॅमेरा डावखुऱ्यांकरितां केलेला नाहीं. कारखान्याच्या पत्रकांत तसा शब्द नाहीं. सर्वसाधारण उजव्या माणसानेंच तो वापरावा, व त्याचा उजवा हात भिंगाच्या कड्याकरितां मोकळा राहावा, एवढीच ती व्यवस्था. दादा म्हणाले, "ठाऊक आहे. पण यानें मला कांहीं विचारलें नाहीं." हिचकॉकच्या १९५४ सालच्या रिअर विंडो या बोलपटांत पाय मोडून खुर्चींत बसलेला नायक लांब भिंग लावून समोरच्या इमारतींत पाहतो, तो कॅमेरा एक्झॅक्टाच आहे, त्यावरचें नांव तेवढें झांकलेलें आहे. आमच्या ध्यानांत त्या बोलपटांतला खून राहिला. दादांच्या ध्यानांत जेम्स स्टुअर्टचा डावा हात राहिला.

ज्या शहरांत हा कॅमेरा झाला त्याचें काय झालें तें जगास माहीत आहे. १३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्रीं व पुढील दोन दिवसांत विमानांनीं ड्रेस्डेन जाळलें. सुमारें पंचवीस हजार माणसें मेलीं. इहागीचा कारखानाही त्यांत गेला. स्टीनबर्गेन परकी नागरिक, म्हणून त्याला युद्ध चालूं असतांनाच जर्मनी सोडावी लागली होती. न्यूश्टरलाइन युद्धांतून परत आला नाहीं. तरी राहिलेल्या कामगारांनीं ढिगाऱ्यांतून यंत्रें व सुटे भाग उकरून कॅमेरे जोडण्यास पुन्हां आरंभ केला, आणि कळ डावीकडेच ठेविली. शहर रशियाच्या वांट्यास गेलें; कारखाना परकी मालकाचा म्हणून इतरांसारखा सरसकट सरकारजमा न होतां विश्वस्तांच्या हवालीं राहिला. स्टीनबर्गेननें पुढें पश्चिम जर्मनींत दुसरी इहागी उभी केली, आणि एकाच नांवाच्या दोन मंडळ्या नांवाच्या हक्कासाठीं भांडत बसल्या. पश्चिमेचा एक्झॅक्टा रिआल १९६६ सालीं आला, तो फारच थोडा निघाला. १९७० सालीं तर जपानांत कोसिना कंपनीनें केलेल्या कॅमेऱ्यावर एक्झॅक्टाचें नांव लावण्यांत आलें. स्टीनबर्गेन १९६७ सालीं वारला, त्यामुळें हें त्याला पाहावें लागलें नाहीं.

ड्रेस्डेनच्या मूळ घराण्याचीही वंशावळ फारशी लांबली नाहीं. किने-एक्झॅक्टानंतर १९५० चा व्हॅरेक्स, मग अमेरिकेंत व्हीएक्स या नांवानें विकलेले त्याचे भाऊ, स्वस्तांतला एक्झा, १९५६ चा आमचा २ अ, १९६३ चा २ ब. २ ब आमच्या मतें पूर्वींइतका घाटदार नाहीं. २ अ च्या पहिल्या वर्षांतलीं नांवाचीं उठावदार अक्षरें पुढें सपाट झालीं, तेव्हांपासूनच कारागिरांचें मन त्यांतून उडालें असावें असा आमचा तर्क आहे. १९६७ सालच्या व्हीएक्स १००० मध्यें आरसा आपोआप परत येऊं लागला. तोंपर्यंत जपानी कॅमेऱ्यांनीं ती सोय कधींच करून ठेविली होती. आणि शेवटीं आरटीएल १००० आला, जो केवळ नांवाचा एक्झॅक्टा, पोटांतून प्रॅक्टिका. १९७३ सालीं मुंबईंत एका दुकानांत आम्हीं दोघांनीं तो पाहिला. त्यांत फिल्मचा दांडा उजवीकडे नेलेला होता. दादांनीं तो एकदां ओढून पाहिला, आणि कॅमेरा दुकानदाराच्या हातीं परत दिला.

"यालाही सुधारलें वाटतें," ते म्हणाले.

आम्हीं हंसलों. दादा हंसत नव्हते हें आमच्या लक्षांत आलें, तोंवर ते रस्त्यावर पोंचले होते. तेव्हां तरी कांहीं बोलावयास हवें होतें. तीन वाक्यांचें तें काम होतें. परंतु दोन वयस्क भावांनीं रस्त्यावर उभें राहून गुळाच्या खड्याविषयीं काय बोलावें, असें मनांत येऊन आम्हीं चहाचा विषय काढला.

दादा २०१६ सालीं गेले. दिवस झाल्यावर वहिनींनीं हा कॅमेरा आणून दिला. "भावजी, हा तुमच्याकडेच असूं द्या; मुलांना याचा उपयोग नाहीं," असें त्या म्हणाल्या. कापडी पडदा कडक होऊन त्यास टांचणीच्या टोंकाएवढीं छिद्रें पडलीं होतीं. या कॅमेऱ्यांचा तो वयपरत्वें होणारा रोगच आहे. एका कारागिरानें तो आठ महिने ठेवून घेतला, दोन वेळां तारीख दिली, आणि शेवटीं पडदा बदलून परंतु तळाचा एक स्क्रू गमावून परत केला. चाकूच्या त्या खुंटीला त्यानें हात लावला नाहीं, याबद्दल आम्हीं त्याला उरलेलें सारें माफ केलें.

घरीं आणून आम्हीं हौद उघडला. आंत काळोख होता. क्षणभर वाटलें, दुरुस्तींतच कांहीं बिघडलें. मग आठवलें कीं दादा दांडा कधींच आधीं ओढून ठेवीत नसत. स्प्रिंग ताणलेली राहूं नये म्हणून चित्र घेण्याच्या वेळींच ओढावयाचा, हा त्यांचा नियम होता. कारागिरानेंही तो तसाच ठेविला असावा. आम्हीं उजवा हात पेटीवरून पलीकडे नेऊन दांडा ओढूं लागलों. तो निम्म्यावर अडे. तीन वेळां तसें झालें. मग उजवा हात भिंगाखालीं नेला आणि डावा आंगठा दांड्यावर ठेविला. आमच्या डाव्या आंगठ्यानें जन्मांत कांहीं काम केलेलें नाहीं. सबंध फेरा पुरा होईतों तो दुखूं लागला. मग आंत खट्ट झालें, आरसा खालीं आला, आणि कांचेवर आमची गल्ली उमटली.

समोरच्या औषधांच्या दुकानाची पाटी उलट्या अक्षरांची झाली होती. डावीकडचा गुलमोहर उजवीकडे गेला होता. एक पोरगा सायकलवरून येत होता. त्याला चौकटींत धरावें म्हणून आम्हीं कॅमेरा त्याच्या मागोमाग वळविला, तों कांचेवरचा पोरगा भलत्याच दिशेनें सरकला. आम्हीं कॅमेरा उलट वळविला. तोंवर तो कडेला पोंचला होता, आणि आमचें बोट उजवीकडे कळ शोधीत होतें.